तांब्याच्या बाटलीतलं तांबं पोटात गेल्यावर जातं कुठे?

स्वाती_वाघबीळ
नमस्कार मंडळी,
यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीत सगळ्यांना एकच कल्पना सुचली. वाण म्हणून तांब्याच्या बाटल्या! ओट्यावर रांग लागली आहे. म्हटलं वापरू या, आणि रात्री भरून सकाळी प्यायला सुरुवात केली.

मग ऑफिसची वार्षिक तपासणी झाली. हल्ली पॅकेजमध्ये काय काय घुसडतात, तसं त्यात 'सीरम कॉपर'ही होतं. माझं आलं १७२, आणि कागदावर मर्यादा ७० ते १४०. ठळक लाल अक्षरात. लॅबमधून फोन आला, "मॅडम, तांब्याचं पाणी बंद करा, लिव्हर खराब होईल." सासूबाई म्हणतात पिढ्यान्‌पिढ्या पीत आलोय, कोणाचं काय खराब झालं? नवरा म्हणतो दोघींचं ऐक, म्हणजे एक दिवसाआड पी.

माझा प्रश्न जरा मुळातला आहे. जेवणातून, पाण्यातून जे तांबं पोटात जातं त्यातलं अंगात मुरतं किती? शरीर त्याचा हिशेब कसा ठेवतं? आणि जास्तीचं कुठून बाहेर पडतं? 'अमृत' आणि 'विष' यांच्या मधलं कोणी काही सांगेल का?

अण्णा_नौपाडा
आमच्या घरी पंचपात्री आणि तांब्याचा हंडा माझ्या लहानपणापासून. वडील नव्वदी ओलांडून गेले. कुठली लॅब नव्हती आणि कुठलं पॅकेज नव्हतं. बिनधास्त प्या.

खवचट_खारघर
अण्णा, तुमचे वडील नव्वदीपर्यंत जगले ते लॅब नव्हती म्हणून की तांबं होतं म्हणून, हे आधी ठरवू.

गिरिजा_पाचपाखाडी
वाचतेय. आमच्याकडेही त्याच बाटल्या आल्यात.

मृण्मयी
स्वातीताई, प्रश्न फार छान विचारलात. जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून तांबं असतं साधारण १०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा थोडं कमी. म्हणजे चिमूटभरही नाही. पण ते नसेल तर पेशीला श्वासातला प्राणवायू वापरता येत नाही, हाडं-रक्तवाहिन्यांचे धागे घट्ट विणले जात नाहीत, केसा-कातडीला रंग येत नाही. अमेरिकी शिफारस प्रौढांसाठी दिवसाला ०.९ मिलिग्रॅम, आणि वरची सुरक्षित मर्यादा १० मिलिग्रॅम.

अन्नातलं तांबं मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, थोडंफार जठरातही. अन्नात ते बहुतेक दोन धनभारांच्या रूपात असतं. आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावरची विकरं त्याला एका धनभारावर आणतात, आणि मग सीटीआर१ नावाच्या वाहक प्रथिनातून ते आत शिरतं. आत गेल्यावर त्याला मोकळं फिरू देत नाहीत, कारण मोकळं तांबं म्हणजे नुसती जाळपोळ. १९९९ साली यीस्टवर झालेल्या कामात असं दिसलं की पेशीत मोकळा तांब्याचा एक अणूही सरासरीने सापडू नये इतकी कडक व्यवस्था असते. एटॉक्स१ नावाचं छोटं प्रथिन तांब्याला हाताला धरून एटीपी७ए या पंपापर्यंत नेतं, आणि तो पंप ते पलीकडे रक्तात ढकलतो. तिथून अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना चिकटून थेट यकृतात.

हिशेबाचं विचाराल तर जुडिथ टर्नलंड यांच्या गटाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे मी दर वर्षी वर्गात सांगते. तरुण पुरुषांना वेगवेगळ्या प्रमाणात तांबं असलेला आहार दिला. दिवसाला ०.७९ मिलिग्रॅम दिलं तेव्हा त्यातलं जवळजवळ ५६ टक्के शोषलं गेलं. १.६८ दिलं तेव्हा ३६ टक्के. आणि ७.५ दिलं तेव्हा फक्त १२.४ टक्के. गुणाकार करून बघा: खाणं साडेनऊ पट वाढलं, पण अंगात गेलं ते ०.४४ वरून ०.९३, म्हणजे दुप्पट-सव्वादोन पट.

यकृताचा भाग नंतर लिहिते, वर्गाला जायचंय.

जिज्ञासू_कळवा
वा! म्हणजे दार आपोआप किलकिलं होतं. पण मग लोखंडाचंही असंच असतं ना? त्यात नि ह्यात फरक काय?

पोटोबा
फरक आहे, आणि तोच कळीचा आहे. (वाशीत पोटविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो, तरी इथलं लिहिलेलं कोणी प्रिस्क्रिप्शन समजू नये.)

लोखंडाला शरीरातून बाहेर पडायचा मुद्दाम केलेला रस्ता नाही. रक्तस्राव आणि झडणाऱ्या पेशी सोडल्या तर आत गेलं ते राहिलं, म्हणून तिथे सगळा पहारा आतड्याच्या दारावर. तांब्याला दोन्ही आहेत, आत यायचं दार आणि बाहेर जायचा रस्ता. तो रस्ता म्हणजे पित्त. यकृतात आलेल्या तांब्याचं एटीपी७बी हा पंप दोनपैकी एक करतो. तांबं बेताचं असेल तर पेशीतल्या गॉल्जी नावाच्या कप्प्यात बसून ते सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात भरतो, एका रेणूत सहा अणू, आणि ते रक्तात सोडलं जातं. तांबं वाढलं की हाच पंप गॉल्जीतून उठून पित्तनलिकेच्या बाजूला सरकतो आणि जास्तीचं तांबं पित्तात ओततो. पित्तातलं तांबं परत फारसं शोषलं जात नाही, शौचावाटे जातं. लघवीतून जातं ते अगदीच किरकोळ.

तेव्हा धडधाकट माणसात 'तांबं साठत जातं' हे खरं नाही. साठतं ते पित्ताचा रस्ता अडला तर.

मृण्मयी
पोटोबांनी माझं काम केलं. आभार :)

अण्णा_नौपाडा
म्हणजे मी म्हणालो तेच. फक्त इंग्रजी नावं घालून.

रबाळेचा_रसायनी
अण्णा, थांबा जरा. बाटलीत काय घालता त्यावर आहे.

माझी नोकरी रबाळे एमआयडीसीत प्लेटिंगच्या कारखान्यात, त्यामुळे तांब्याचे क्षार रोज हाताखाली. साधं पाणी तांब्यात ठेवलं तर विरघळतं ते थोडंसंच. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला होता: जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, जंतू मेले, आणि पाण्यात तांबं उतरलं लिटरला साधारण ०.१८ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम. आपल्या बीआयएसच्या मानकात स्वीकार्य पातळी ०.०५ आणि दुसरं पाणी नसेल तर १.५ पर्यंत चालतं. म्हणजे आपल्या मानकाच्या पहिल्या आकड्याच्या वर आणि दुसऱ्याच्या बरंच खाली. दोन लिटर प्यालात तरी ०.३५ मिलिग्रॅम. मूठभर काजूत याच्यापेक्षा जास्त असतं.

पण त्यात लिंबू पिळलंत की गणित फिरलं. आम्ल तांब्याला खातं. आमच्या शिफ्टमधला एक मुलगा जिमला जाताना तांब्याच्या बाटलीत लिंबू-मध घालून न्यायचा. मळमळ, उलटी, तोंडाला धातूची चव. सगळ्यांनी सामोशावर संशय घेतला. बाटलीत वाकून बघितलं तर आतून हिरवी-निळी! पाण्यात तांबं लिटरला ४ ते ६ मिलिग्रॅमच्या घरात गेलं की माणसांना मळमळू लागतं, असं प्रयोगांत दिसलंय.

आणि आरओचं पाणी. त्यातले क्षार काढलेले असतात, आम्लता थोडी वाढलेली असू शकते, असं मऊ पाणी धातूला जास्त लागतं. रात्रभर ठेवायचंच तर नळाचं ठेवा, मोरबे धरणाचं पाणी काही वाईट नाही.

खवचट_खारघर
मोरब्याचं पाणी चांगलं आहे, खारघरला येतं का ते विचारा.

सानपाडा_एक्सप्रेस
+१ खवचट. (सिडकोच्या टँकरमधलं तांब्यात ठेवलं तर तांबं पळून जाईल.)

गिरिजा_पाचपाखाडी
रसायनी, आमच्या आजीचा नियमच होता. ताक, चिंच, आमसूल तांब्या-पितळेला लावायचं नाही, कळकतं. कढी करायची तर कल्हईच्या पातेल्यातच. दारावर कल्हईवाला यायचा, भाता, नवसागराचा धूर, कथलाची कांडी फिरवली की पातेलं आतून चांदीसारखं. आता नौपाड्यात कल्हईवाला शोधायचा म्हणजे दिवाळीत रिक्षा शोधण्यासारखं.

अण्णा_नौपाडा
जांभळी नाक्याच्या बाजूला भांड्यांच्या दुकानांत विचारा. कारागीर स्वतः बसत नाहीत, पण भांडं ठेवून घेतात नि करून आणून देतात. निदान माझं तरी दिलं.

आणि रसायनी, तांब्यात लिंबू घालू नये हे आम्हाला सांगता? हे शेंबड्या पोराला कळतं. जिमवाल्याला कळलं नाही त्याला तांबं काय करणार.

नाखवा_दिवाळे
पाण्याचा एवढा विचार करताय, ताटाचा करा. भरपूर तांबं कुठे असेल तर कालवांत. मग चिंबोऱ्या. आमच्या दिवाळे गावच्या बाजारात याल तेव्हा बोला.

मृण्मयी
नाखवा अगदी बरोबर. शिंपल्यातली कालवं, खेकडे, कलेजी. मेंढीच्या १०० ग्रॅम कलेजीत सुमारे ७ मिलिग्रॅम. शाकाहाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये: तीळ १०० ग्रॅमला ४ मिलिग्रॅमच्या आसपास, काजू २.२, शेंगदाणे १ च्या वर. डाळी, अख्खी धान्यं, कोको, सगळ्यांत आहे. दुधात मात्र नावापुरतं. संक्रांतीला ज्यांनी बाटली वाण म्हणून दिली त्यांनी सोबत जे तिळाचे लाडू दिले, त्यात बाटलीतल्या पाण्यापेक्षा जास्त तांबं होतं.

रबाळेचा_रसायनी
नाखवा, खाडीतल्या कालवांबद्दल माझं मत वेगळं आहे. कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यात जो धातू असेल तो गोळा करतात. ठाणे खाडीच्या काठाला किती कारखाने आहेत ते मी सांगायला नको. मी स्वतः खाडीची खात नाही.

नाखवा_दिवाळे
तुम्ही सोडलेलं पाणी कालवं पितात आणि तुम्हीच कालवं खात नाही. शाब्बास. आमचे आजे-पणजे हीच कालवं खाऊन होड्या ओढत होते, तेव्हा एमआयडीसी नव्हती एवढाच काय तो फरक.

रबाळेचा_रसायनी
हे मात्र कबूल. आमच्याकडे सांडपाणी प्रक्रिया होते, पण सगळ्यांकडे होते असं छातीठोक सांगणार नाही.

संपादक_मंडळ
खाडीच्या प्रदूषणावर वेगळा धागा काढावा. इथे पोटातल्या तांब्यावर बोलू या.

नेरूळ_सेक्टर_वीस
मी सहसा फक्त वाचतो. पण इथे सगळे 'जास्त'बद्दल बोलत आहेत म्हणून 'कमी'ची गोष्ट सांगतो.

कोविडच्या काळात बाबांना झिंकच्या गोळ्या दिल्या होत्या, ५० मिलिग्रॅमच्या. कोविड गेला, गोळ्या राहिल्या. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून बाबा स्वतःच मेडिकलमधून आणत राहिले. हळूहळू दम लागायला लागला. हिमोग्लोबिन उतरलं. लोहाच्या गोळ्या, मग लोहाचं इंजेक्शन, काही फरक नाही. पांढऱ्या पेशीही कमी. बी-१२ तपासलं, ठीक. मग पायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जायचा. एका मोठ्या इस्पितळात अस्थिमज्जेची तपासणीसुद्धा झाली, तिथे आम्हाला नुसतंच घाबरवून सोडलं.

शेवटी दुसरीकडे एका रक्तविकारतज्ज्ञांनी सांगितलं, घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत घालून आणा. त्यांनी झिंकची बाटली बाजूला काढली आणि रक्तातलं तांबं तपासायला सांगितलं. जवळजवळ नव्हतंच. झिंक बंद, तांब्याचं औषध सुरू. रक्त काही आठवड्यांत सुधारलं. पायांचं मात्र पूर्ण परत आलं नाही, काठी लागते.

पोटोबा, झिंकने तांबं कसं काय जातं, हे जरा साध्या शब्दांत सांगाल का? आम्हाला तेव्हा कोणी नीट सांगितलं नाही.

पोटोबा
वाचून वाईट वाटलं. वडिलांना नमस्कार सांगा. ज्यांनी बाटल्या मागवल्या त्यांनाही.

झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन भरमसाट बनवतात. ते बनतं झिंकमुळे, पण त्याची पकड तांब्यावर अधिक घट्ट. त्यामुळे आत आलेलं तांबं त्याला चिकटून पेशीतच अडकतं, एटीपी७ए पंपापर्यंत पोचतच नाही. आणि आतड्याच्या अस्तरातली पेशी जगते तीन ते पाच दिवस, मग झडून पोटातून बाहेर. पाहुण्याला ओटीवर बसवून ठेवायचं, घरात घ्यायचं नाही, आणि चार दिवसांनी पाहुण्यासकट ओटीच पाडून टाकायची, असा प्रकार. जेवणातलं तांबं तर जातंच, शिवाय लाळेतून, पाचकरसांतून आतड्यात उतरलेलं तांबंही परत घेता येत नाही. म्हणून महिनोन्‌महिने असं चाललं की साठा रिकामा होतो.

प्रौढांसाठी झिंकची वरची मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम ठरवली आहे, ती मुख्यतः तांब्यावर होणाऱ्या याच परिणामामुळे. परदेशात दाताच्या कवळीला लावायच्या झिंकयुक्त मलमाचा अति वापर करणाऱ्यांमध्येही हुबेहूब असे रुग्ण नोंदले गेले आहेत. बी-१२ च्या कमतरतेसारखंच दिसतं, म्हणून चकवतं. लठ्ठपणासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांनीही लक्षात ठेवावं, कारण तांबं शोषणारा आतड्याचा भागच वगळला जातो.

जिज्ञासू_कळवा
पण तांबं कमी झालं तर हिमोग्लोबिन का उतरावं? रक्तात तर लोखंड असतं.

मृण्मयी
हा प्रश्न १९२८ मध्ये विस्कॉन्सिनला हार्ट, स्टीनबॉक, वॅडेल आणि एल्व्हेजेम यांना पडला होता. दुधावर वाढवलेल्या उंदरांना रक्तक्षय झाला, नुसतं शुद्ध लोह दिलं तरी सुधारणा नाही, सोबत तांबं दिल्यावर हिमोग्लोबिन वर आलं. (दुधात लोह नि तांबं दोन्ही नावापुरती.)

कारण असं की साठ्यातून बाहेर पडणारं लोह रक्तातल्या वाहक प्रथिनावर बसण्याआधी दोन धनभारांवरून तीनवर जावं लागतं. ते काम सेरुलोप्लाझ्मिन आणि आतड्यातलं त्याचं भावंड हेफिस्टिन करतं, आणि दोघांनाही तांबं लागतं. तांबं नाही तर लोह गोदामात पडून, आणि मज्जेत टंचाई.

अनुराधा_क
नेरूळकरांची गोष्ट वाचून लिहायचं ठरवलं. झिंकने तुमच्या वडिलांचं नुकसान केलं. माझा धाकटा भाऊ आज त्याच झिंकवर उभा आहे.

तो इंजिनिअरिंगला असताना त्याचं अक्षर बिघडलं. मग हात थरथरू लागला, बोलणं जड झालं, चिडचिड. सगळे म्हणाले अभ्यासाचं टेन्शन. मानसोपचार झाले. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट-लॅम्पखाली बघितलं आणि बुब्बुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसलं. विल्सन डिसीज. तुम्ही वर लिहिलेला एटीपी७बी पंप त्याच्यात जन्मापासून बिघडलेला. तांबं पित्तात जात नाही, यकृतात साचतं, मग मेंदूत.

आधी पेनिसिलामाईन दिलं, ते साठलेलं तांबं लघवीतून काढतं. आता देखभालीसाठी झिंक, म्हणजे आत येणारं ओटीवरच थांबवायला (पोटोबांची ओटी आवडली). कलेजी, कालवं बंद. तांब्याची भांडी घरातून काढली. अक्षर परत वळणदार झालं नाही, पण नोकरी करतो, लग्न झालंय.

ज्यांच्या घरी हा आजार निघेल त्यांनी सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्याच. आई-वडील दोघं वाहक असतात, प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता. माझी झाली, मी सुटले. लक्षणं यायच्या आधी कळलं तर माणूस जवळपास पूर्ण निरोगी राहू शकतो.

पोटोबा
अनुराधाताई, फार मोलाचं लिहिलंत. किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये हा आजार वर्णन केला, तेव्हा तो जीवघेणाच होता. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाईन आणलं १९५६ मध्ये. जनुक सापडलं १९९३ मध्ये. साधारण तीस हजारांत एकाला होतो असं धरतात. तरुण मुला-मुलीत कारण न कळणारा यकृताचा आजार किंवा कंप दिसला की आम्हाला हे आठवलंच पाहिजे.

मृण्मयी
याची उलटी बाजूही आहे. एटीपी७ए बिघडला तर तांबं आतड्यातच अडकतं, बाळाला मिळतच नाही. मेन्केस डिसीज, १९६२ चं वर्णन. केस राठ, गुंतलेले, रंग उडालेले. तांब्याशी संबंध लावला डेव्हिड डँक्स यांनी १९७२ मध्ये, ऑस्ट्रेलियात. तांबं कमी असलेल्या कुरणांवरच्या मेंढ्यांची लोकर बिघडते हे तिथे माहीत होतं, आणि या बाळांचे केस त्यांना तसे वाटले. मेंढ्यांच्या देशातल्या डॉक्टरालाच हे सुचणार.

अण्णा_नौपाडा
हे सगळे लाखांत एकाचे आजार. त्यासाठी सगळ्यांनी तांबं सोडायचं? तीन महिने प्यावं, मग थोडे दिवस थांबावं, एवढं पथ्य पाळलं की झालं. बाळालाही आम्ही तांब्या-पितळेतलंच दूध पाजायचो.

पोटोबा
अण्णा, तीन महिन्यांच्या पथ्याचं मला काही म्हणायचं नाही, ते पाळलं काय, न पाळलं काय, निरोगी यकृताला फरक पडू नये. पण शेवटच्या वाक्यावर गप्प बसता येत नाही.

आपल्याकडे एक आजार होता, इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. वर्ष-दोन वर्षांची बाळं, पोट फुगायचं, यकृत दगडासारखं, आणि बहुतेक जायची. त्यांच्या यकृतात तांबं प्रचंड सापडायचं. पुण्याच्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घरांत जाऊन भांडी बघितली आणि १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं की फार लवकर वरचं दूध सुरू केलेल्या आणि ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवून-ठेवून पाजलेल्या बाळांशी याचा संबंध दिसतो.

दूधच का, पाणी का नाही? दुधातलं केसीन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे भांड्यातून दुधात भरपूर उतरतं. आणि तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा मोठ्यांपेक्षा कित्येक पट दाट असतो, निसर्गाने आईच्या दुधाचे महिने निभावण्यासाठी दिलेला. पित्ताचा रस्ता अजून कच्चा. त्यात हे वरचं. सगळ्या बाळांना व्हायचा नाही, आनुवंशिक कलही असणार. पण घराघरांत स्टील आलं आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. ऑस्ट्रियाच्या टायरॉलमध्येही असाच आजार होता, १९०० ते १९७४ दरम्यान १३८ बाळं नोंदली गेली, तांब्याची भांडी गेली नि तोही गेला.

मी शिकत असताना माझ्या प्राध्यापकांनी असले रुग्ण भरभरून पाहिले होते. मी एकही पाहिलेला नाही.

अण्णा_नौपाडा
हे ठाऊक नव्हतं. आमच्या आळीत एक मूल असंच गेलं होतं, पोट फुगून. तेव्हा 'लिव्हर झालं' एवढंच म्हणायचे.

गिरिजा_पाचपाखाडी
'लिव्हर झालं' हे मीही आजीकडून ऐकलंय. अंगावर काटा आला.

खवचट_खारघर
धाग्यात पहिल्यांदाच माझ्याकडे काही बोलायला नाही.

स्वाती_वाघबीळ
किती शिकायला मिळतंय! पण मंडळी, माझं १७२ तसंच लटकलंय. जेवणातून येणारं दार अरुंद होतं, जास्तीचं पित्तातून जातं, बाटलीतून येतं तेही किरकोळ. मग माझ्या रक्तात एवढं आलं कुठून?

पोटोबा
स्वातीताई, विचारायचंच होतं. तपासणीच्या आसपास ताप, सर्दी, कुठला संसर्ग? गरोदरपण? गर्भनिरोधक गोळ्या किंवा हॉर्मोन्स? उत्तर इथे द्यायची गरज नाही, व्यनि (खाजगी निरोप) करा किंवा नुसतं मनाशी हो-नाही म्हणा.

रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिनमध्ये बसलेलं असतं. इस्ट्रोजेनने यकृत सेरुलोप्लाझ्मिन जास्त बनवतं. ताप, सूज असली तरी बनवतं. प्रथिन वाढलं की सोबत 'सीरम कॉपर'ही वर जातं, त्याचा खाण्यापिण्याशी संबंध नसतो. गंमत म्हणजे विल्सनमध्ये, जिथे यकृत तांब्याने भरलेलं असतं, तिथे रक्तातलं एकूण तांबं बऱ्याचदा कमी येतं, कारण सेरुलोप्लाझ्मिनच कमी. त्यामुळे एकटा हा आकडा बघून 'लिव्हर खराब होईल' म्हणणं हे फोनवरचं भविष्य आहे. संशय असेल तेव्हा सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं, यकृताच्या चाचण्या, डोळे, असं सगळं एकत्र बघतात.

अनुराधा_क
अगदी. भावाचं रक्तातलं तांबं कमी आलं होतं, म्हणून पहिल्या ठिकाणी 'तांब्याचा काही प्रश्न नाही' असं लिहून दिलं होतं.

स्वाती_वाघबीळ
पोटोबा, तुमच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर ठणठणीत 'हो' आहे :)

आमच्या फॅमिली डॉक्टरांना हा धागाच दाखवला. त्या हसल्या. सेरुलोप्लाझ्मिन आणि यकृताच्या चाचण्या करायला सांगितल्या. पहिलं थोडं वर, दुसरं सगळं नॉर्मल. म्हणाल्या की गोळ्यांमुळेच, काही करू नका, पुढच्या वर्षी पॅकेजमधून हे कलम काढून टाका. पाणी हवं तर प्या, हवं तर नका. मी प्यायचं ठरवलंय. लिंबाची बाटली वेगळी, स्टीलची.

नेरूळ_सेक्टर_वीस
छान. आता घरातल्या गोळ्यांचं कपाटही उघडून बघा, सगळ्यांनीच. मल्टिव्हिटॅमिनच्या मागे झिंक किती आहे ते बारीक अक्षरात असतं.

सानपाडा_एक्सप्रेस
बघितलं. आमच्याकडे दोन वेगवेगळ्या गोळ्यांत मिळून ६० निघालं. बायको म्हणते केसांसाठी आहे.

पोटोबा
एक गोळी कमी करा, आणि हे किती महिने चाललंय ते सांगून डॉक्टरांना रक्ताची साधी तपासणी विचारा. पांढऱ्या पेशींकडे लक्ष द्यायला सांगा.

अण्णा_नौपाडा
पोटोबा, एक शंका. नातवाला सहा महिने पूर्ण होतील आता, उष्टावण आहे. चांदीची वाटी ठीक ना? सून विचारतेय.

पोटोबा
चांदीची चालेल, अण्णा. आतून कसला मुलामा नाही ना एवढं बघा. दूध आणि पेज शिजवायला मात्र स्टील.

नाखवा_दिवाळे
उष्टावणाला बोलवा. कालवं नाही आणत, पापलेट आणतो. मोठ्यांसाठी.

खवचट_खारघर
पत्ता व्यनि करा, अण्णा.